लाल दोरे

काकूंच्या टाकीतल्या सर्वांत मोठ्या एंजल माशाच्या शेपटीखाली तीन लाल दोरे लोंबत होते. मासा स्थिर झाला की ते बाहेर यायचे, हलला की आत ओढले जायचे. मासेडॉक्टरने काचेला नाक लावून पाहिलं.

मासेडॉक्टर हे त्याला लोकांनी दिलेलं नाव. डॉक्टरकीशी त्याचा संबंध एवढाच, की तो घरोघरी जाऊन फिशटँक साफ करायचा, पाणी बदलायचा आणि मासे आजारी पडले तर औषध घालायचा. पण नाव त्याला आवडायचं, आणि कुणी तशी हाक मारली की मान आपोआप ताठ व्हायची. स्वच्छतेच्या बाबतीत तर तो भल्याभल्यांना अक्कल शिकवायचा. ज्या घरची जाळी त्याच घरात राहणार, एका टाकीत बुडवलेली जाळी दुसऱ्या टाकीत जाणार नाही, असा त्याचा नियम होता. नव्या गिऱ्हाइकाचं डोकं तो पहिल्याच दिवशी यावरून खायचा.

आणि हा नियम मोडला त्यानेच. दीड महिन्यापूर्वी काकूंच्या जाळीची दांडी तुटली. शेवाळाचा एकच गोळा काढायचा राहिला होता. तेवढ्यासाठी नवी जाळी आणायला कोण जाणार, म्हणून त्याने पिशवीतली काढली. ती ओली होती. तासाभरापूर्वी तिनेच त्याने दातांच्या दवाखान्यातल्या टाकीतले दोन मेलेले गप्पी मासे उचलले होते. नळाखाली धरली, झटकली आणि काकूंच्या पाण्यात घातली. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या उरलेल्या गप्पींच्या शेपटीखाली हेच लाल दोरे दिसले तेव्हा त्याला ती ओली जाळी आठवली. तेव्हाच येऊन त्याने काकूंच्या टाकीत औषध घातलं असतं तर सगळे मासे वाचले असते. पण मग औषध कशाला, हे सांगावं लागलं असतं. काही होणार नाही, अशी स्वतःची समजूत घालून गडी गप्प बसला.

"जंत झालेत," तो आता म्हणाला.

"कशामुळे?" काकूंनी विचारलं.

ते सात एंजल काकूंच्या मुलाने आणले होते, नखाएवढे असताना. मुलगा दोन वर्षांपूर्वी कामावरून घरी येताना अपघातात गेला. त्याच्या खोलीत पलंग, कपाट आणि ही टाकी तशीच राहिली. काकू रोज सकाळी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायच्या, माशांना खायला घालायच्या आणि त्यांच्याशी बोलायच्या. गुडघ्याचं दुखणं, वरच्या मजल्यावरच्यांची भांडणं, बिघडलेला नळ, सगळं त्यांना सांगून व्हायचं. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"होतात," मासेडॉक्टर म्हणाला. "कधी पाण्यातून येतात, कधी खाण्यातून."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी जिवंत किडे घातले होते," त्या म्हणाल्या. "दहा दिवस झाले. त्याचा वाढदिवस होता. तो नेहमी सांगायचा, आई, कोरडंच घाल, दुकानातले किडे आणायचे नाहीत, त्यातून रोग येतात. मला वाटलं, एक दिवस घातले तर काय होतंय. काय उड्या पडल्या त्यांच्या. त्यानेच झालं का हो?"

हा जंत पोटात शिरल्यापासून असा बाहेर दिसायला महिना तरी जातो. दहा दिवसांत हे शक्यच नव्हतं, आणि ही गोष्ट मासेडॉक्टरला झोपेतून उठवून विचारली असती तरी त्याने सांगितली असती. पण त्याच्या डोळ्यांसमोर दवाखाना आला, बाकीची घरं आली, या तोंडाची त्या तोंडाला होणारी गोष्ट आली. वीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं.

"असू शकेल," तो म्हणाला. भेकड माणूस यापेक्षा जास्त बोलत नाही.

त्याच दुपारी तो शेळ्यामेंढ्यांना जंतांवर देतात ती पावडर घेऊन आला. फिल्टरमधला कोळसा काढला, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. पावडर विरघळवून पाण्यात सोडली, दिवा बंद केला आणि दोन चादरींनी टाकी गुंडाळली, कारण उजेडात ते औषध टिकत नाही. दुसऱ्या दिवशी चादरी काढल्या तेव्हा तळाच्या खडीवर लाल जंत विखुरले होते. काही अजून वळवळत होते. त्यांच्यातच दोन मासे आडवे पडले होते.

त्याने नळीने तळ ओढून पांढऱ्या बादलीत घेतला. काकू वाकून बादलीत बघत राहिल्या.

"हे मी खाऊ घातलं त्यांना," त्या म्हणाल्या.

"बाजूला व्हा, औषधाचं पाणी आहे," तो म्हणाला, आणि बादली उचलून न्हाणीघरात गेला.

आठवडाभरात आणखी दोन मासे गेले. जंत आतून पोखरून बसले होते, ते निघाले तरी माशात काही उरलं नव्हतं. तीन आठवड्यांनी दुसरा डोस दिला, त्यानंतर एक गेला. मधल्या काळात काकूंनी खायला घालणं सोडलं. खोलीत पाऊल टाकत नव्हत्या, दारातूनच बघायच्या. मासेडॉक्टर रोज येऊन चिमूटभर दाणे टाकून जायचा. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली असायची. दर वेळी तो ठरवून यायचा की आज सांगू, आणि दर वेळी दाण्यांचा डबा बंद करून जिना उतरायचा.

उरलेले दोन मासे सुधारले. पोट स्वच्छ, पंख ताठ, दाणा पडला की वर झेप घेऊ लागले. त्या दिवशी तो जरा हलक्या मनाने दारात आला आणि म्हणाला, "वाचले, काकू. आता तुम्ही घाला खायला."

काकूंनी दाराशी झाकणाची बादली तयार ठेवली होती.

"घेऊन जा त्यांना," त्या म्हणाल्या. "माझा हात नको आता. त्याने एकच गोष्ट सांगून ठेवली होती, तीही मला पाळता आली नाही. तुमच्याकडे जगतील तरी."

मासेडॉक्टर दारातच खाली बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. तुटलेली दांडी, ओली जाळी, दवाखान्यातले गप्पी, नळाचं पाणी, महिन्याचा हिशोब, काही ठेवलं नाही. बोलताना त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"किती चांगले आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटतंय म्हणून स्वतःवर ओढून घेताय."

"खरं सांगतोय, काकू. शपथ घेतो."

"खरं असतं तर त्याच दिवशी बोलला असतात. मी विचारलं होतं तुम्हाला."

त्याने फोन काढला, दवाखान्याचा नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "दातांच्या डॉक्टरांनाच विचारा, त्यांचे मासे कशाने गेले." काकूंनी त्याचा हात हळूच मागे सारला.

"पुरे आता. मी काही लहान नाही. किडे मी घातले, हे मला माहीत आहे."

त्याने फोन खिशात टाकला. त्याने दोन्ही मासे पकडून बादलीत घेतले. आणलेल्या दिवसापासून ते या टाकीबाहेर आले नव्हते, ते बादलीच्या कडेला धडका देत होते. काकू जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तो चार पायऱ्या उतरला तेव्हा त्यांनी वरून हाक मारली.

"कोरडंच घाला बरं का त्यांना. दुकानातले किडे आणू नका."

"बरं," तो म्हणाला, आणि पाणी सांडू नये म्हणून सावकाश खाली उतरला.