खतिजानं काढलेला तडा

मित्रांनो, मी पंचगंगेच्या काठचा एक जुना, चपटा दगड आहे. मला माझीच लाज वाटते. का, ते सांगतो.

मला खतिजानं उचलून आणलं आणि माझ्यावर काळा मोबाईल रंगवला. त्याच्या काचेवर केसासारखा बारीक तडा काढला. शिवाजी पेठेत तिच्या दारापुढच्या कट्ट्यावर घरातून टाकून दिलेल्या वस्तू तिनं मांडल्या होत्या. गंजलेली इस्त्री, रंग उडालेला मिक्सर, चार चार्जर आणि मधोमध मी. वर पाटी : 'हे सगळं चालू होतं.'

तिचा नवरा चमन शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. तो हसायचा. "भंगारवाला बी हात लावणार न्हाय ह्याला!"

"त्यो ऱ्हाऊ दे. तुमी तर बघा एकदा नीट."

"बघतो की सुट्टीला."

सुट्ट्या आल्या नि गेल्या. मग खतिजा आजारी पडली आणि गेली.

वर्षानं तिच्या बरसीला पाहुणे येणार म्हणून चमननं कट्टा आवरायला घेतला. फाउंड्रीत तडा गेलेला नग बाद, हे तीस वर्षं त्याच्या हातात बसलेलं. त्याला माझा तडा खराच वाटला. त्यानं तो लांबीचा लगदा भरून बुजवला, घासला, वर चकचकीत रंग मारला. इस्त्रीचा गंज तारेच्या ब्रशनं काढला. पुसट झालेली पाटी काढून टाकली. आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, चमकताना मला बरं वाटलं. त्याचीच ही लाज.

शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, "चमनभाई, समदं नवं आणलंय व्हय? शोरूमच झालं की!" चमन खूश झाला.

त्याची मुलगी अरीबा मात्र मला हातात घेऊन बघत राहिली. "अब्बा, तडा कुठाय?"

"बुजवला की. फुटला असता दगड."

"त्यो अम्मीनं काढला हुता. तुमच्या मोबाईलला तेवढाच तडा गेलता. चालत हुता, तरी टाकला तुमी. हितलं समदं तुमीच टाकल्यालं हाय."

चमनची मान खाली गेली. पाहुण्यांची पंगत त्यानं कशीबशी उरकली. सगळे गेल्यावर तो तडा परत वर काढायला पॉलिशपेपर घेऊन मला घासत बसला. आधी त्याचा रंग निघाला. त्याच्याबरोबर खतिजाचाही निघाला. खाली नुसता दगड दिसू लागला, तेव्हा त्याचे हात थांबले.

मित्रांनो, वस्तू टाकण्याआधी ती चालते का, तेवढं बघा. आणि घरातलं माणूस काही करत बसलं असेल, तर ते आहे तोवर त्याच्याजवळ बसा, विचारा.

चमन आता मला मांडीवर घेऊन खतिजाला विचारतो, "मला सांगितलं का न्हाईस गं?"

मला उत्तर ठाऊक आहे. ती रोज सांगत होती.