गुरुवारची रत्नागिरी

“सोन्याचं सिंहासन कुठल्या खोलीत हाय हो?” आदितीनं विचारलं, आणि थिबा राजवाड्याच्या दारातला पहारेकरी हसायला लागला.

“सोन्याचं? नाय हो बाई. ब्रह्मदेशाच्या राजाला इथं कैदी म्हणून आणलेला. कैद्याला कोण सिंहासन देतंय?”

तात्यासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नातीकडं न बघता ते जिन्याकडं वळले.

“तात्या, तुमीच सांगितलंसा की आज्जीला. मी मांडीवर बसून ऐकलंय. सिंहासनाला चार सिंह, सिंहांचे डोळे माणकाचे.”

“असंल तवा. न्हेलं असंल कुणीतरी.”

“माणकासकट?”

“बडबड करू नको. पायऱ्या बघून चढ.”

तात्यासाहेब बहात्तर वर्षांचे. पूर्वी त्यांचा स्वतःचा ट्रक होता. चाळीस वर्षं दर बुधवारी ते कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांची पोती भरायचे, रातोरात आंबा घाट उतरायचे आणि गुरुवारी उजाडताना रत्नागिरीच्या बाजारात गाडी लावायचे. नऊपर्यंत माल उतरला की लगेच परत. घर जैनांचं, नेम होता, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. तो त्यांनी कधी मोडला नाही. घाटात गाडी तापली तर ते उपाशी झोपायचे, पण दिवा लागल्यावर ताटावर बसायचे नाहीत.

तेव्हा रत्नागिरीत त्यांनी काय बघितलं? काही नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी राजमतीनं विचारलं होतं. जेवणं झाली होती, उजेड थोडा शिल्लक होता, ती उंबऱ्यावर बसली होती. “समुद्राचं गाव हाय म्हणं. आज काय बघितलंसा?”

“काय बघायचं? पोती उतरली, आलो.”

तिचा चेहरा पडलेला तात्यासाहेबांना दिसला. पुढच्या गुरुवारी चहाच्या गाड्यावर एक ड्रायव्हर राजवाड्याची गोष्ट सांगत होता. ती त्यांनी कान देऊन ऐकली आणि घरी येऊन सांगितली. राजमती इतकी खूश झाली, की सिंहासन त्यांनी पदरचंच घातलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी किल्ल्यावरचा दिवा घातला, दिव्याच्या उजेडात अरबस्तान दिसतं म्हणाले. मग मांडवीच्या बंदरावरची काळी वाळू. ती मात्र खरी निघाली. आज सकाळीच बघितली.

बाकी दिवस ते मुके. गाडी, पंक्चर, भाडं याशिवाय तोंडातून शब्द निघायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी तेवढे बोलायचे.

राजमती म्हणायची, “मला एकदा न्या की.”

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मुलगा अनेकांत अंगावर पीत होता. मग सासूचं दुखणं. मग हमालांच्यात कुठं बसणार, हे कारण. पण खरं कारण तात्यासाहेबांनाच ठाऊक होतं. तिला नेलं असतं, तर सिंहासन कुठून दाखवलं असतं? एका लबाडीपायी चाळीस कोसांवरचा समुद्र त्यांनी बायकोला दाखवला नाही. पुढं ट्रक विकला. नंतर तिचे गुडघे गेले. आणि आठ महिन्यांपूर्वी ती स्वतःच गेली.

परवा ते जेवताना एकदम म्हणाले, “रत्नागिरीला जाऊन येऊ.” अनेकांत चकित झाला. “तुमी तर हजारदा गेलाय की तिकडं.” तात्यासाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. आपण राजमतीला किती फसवलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, हे मुलाला कसं सांगणार? शेवटी आदिती म्हणाली, “मला सुट्टी हाय, मी नेतो.” तिची नोकरी पुण्यात, गाडी तिची स्वतःची. आदल्या दिवशी मोबाइलवर बघून तिनं यादीच केली. राजवाडा, किल्ला, दीपस्तंभ, मत्स्यालय, भाट्याचा किनारा.

प्रत्येक ठिकाणी तात्यासाहेब मनात पडताळा घेत होते. किल्ल्यावरून अरबस्तान दिसलं नाही. नुसतं पाणी. दीपस्तंभाखाली उभं राहून त्यांनी तोंड फिरवलं.

मत्स्यालयात शिरताना मात्र त्यांना जरा मोकळं वाटलं. या जागेबद्दल ते राजमतीला कधी एक शब्दही बोलले नव्हते. मासे बघायला जाण्याची गोष्ट घरात कशी काढणार, म्हणून टाळलेलं. इथं तरी लबाडी नव्हती.

आत देवमाशाचा सांगाडा मांडलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती हाडं. आदिती बरगड्यांखाली वाकून बघत म्हणाली, “आज्जी म्हणायची ते खरं हाय. बघा की, तिच्या माहेरच्या, मुरगूडच्या घराचं आढं आन् वासं, तसंच दिसतंय.”

तात्यासाहेब जागच्या जागी थांबले.

“काय म्हणायची?”

आदितीनं जीभ चावली.

“मी हे तिला सांगितलेलं न्हाई,” ते म्हणाले. “मला ठाऊकच नव्हतं. तिला कसं कळलं?”

“तात्या, बाहेर बसूया चला.”

“हितंच सांग.”

“आली होती आज्जी हितं. मी सातवीत होतो तवा. मुरगूडला माहेरी म्हणून गेली, आन् तिथल्या बायकांची ट्रिप निघाली. एक दिवसाची. राजवाडा बघितला, किल्ला बघितला, समुद्रात पाय बुडवून आली. मला दवाखान्यात सांगितलं, शेवटच्या आठवड्यात. दारात सिंहासन मी मुद्दामच विचारलं, तुमी काय म्हणतायसा बघायला.”

तात्यासाहेबांनी सांगाड्याच्या कठड्याला हात लावला. ट्रक त्यांनी त्यानंतर चार वर्षांनी विकला होता. म्हणजे चार वर्षं, दर गुरुवारी, राजवाडा स्वतः बघून आलेली बाई उंबऱ्यावर बसून सिंहासनाची गोष्ट ऐकत होती. सिंहांचे डोळे कसले, असं पुन्हा पुन्हा विचारत होती.

“मला येड्यात काढलं म्हण की तिनं.” आवाज चढला तशी शेजारची दोन माणसं वळून बघायला लागली.

“न्हाई ओ.”

“मग बोलली का न्हाई? तोंडावर सांगायचं, लबाड हाईसा म्हणून!”

“मी पण हेच विचारलं. तर म्हणाली, ‘त्यास्नी कळलं की सांगायचं बंद करतील. आठवड्यातनं एकदा बोलतंय माणूस, तेवढंबी कशाला घालवू?’”

तात्यासाहेबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला.

बाहेर आल्यावर आदिती हळूच म्हणाली, “रागावलासा? भाट्याला जाऊया का? सुरूचं बन हाय, वाऱ्याला बरं वाटंल.”

“तिनं बघितलं व्हय ते?”

“बघितलं. फोटो बी हाय.”

“मग ऱ्हाऊ दे. गाडी बाजारात घे.”

“बाजारात काय बघायचं?”

“घे म्हटलं की घ्यायची.”

दुपार टळलेली, बाजार जवळपास रिकामा. नवीन शेड झाली होती, पण मागच्या अंगाचा जुना चौथरा तसाच होता. तात्यासाहेब कुणाला न विचारता पडक्या भिंतीला वळसा घालून बरोबर तिथं आले. पोत्यांवर बसलेला एक हमाल म्हणाला, “काका, कोणाकडं आलाव?”

“कुणाकडं न्हाई. मी हितं यायचो.”

भिंतीला एक नळ होता. तात्यासाहेबांनी तो सोडला. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चूळ भरली.

“अजून मचूळच हाय,” ते आदितीला म्हणाले. “साबणाला फेस यायचा न्हाई. अंगाला गूळ चिकटलेला, थंडीत ह्येच पाणी घ्यायचं. बाकीचे ड्रायव्हर परतीला सुकी मासळी भरायचे, दामदुप्पट भाडं. मी न्हाई म्हणायचो. तर मला ‘स्वामी’ म्हणायचे. ‘स्वामी, नाक धरा, आमची गाडी आली.’” ते हसले. आठ महिन्यांत आदितीनं त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

“हे आज्जीला कधी सांगितलं न्हाईसा?”

“ह्यात काय सांगायचं होतं?”

आणि मग ते थांबले. राजवाडा तिनं बघितला होता. किल्ला, दिवा, समुद्र, हाडांचा मासासुद्धा. या गावात एवढा चौथराच तिनं बघितला नव्हता, आणि तोच तेवढा ते खरा सांगू शकले असते.

खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांनी फरशी झटकली. चांगली दोनदा झटकली. आदिती बसली. तात्यासाहेब तिच्या शेजारी, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून टेकले.

“तर ऐक,” ते समोर बघत म्हणाले, “गाडी हितं लागायची. तोंड त्या चिंचेकडं करून...”