करडीचं शिंगरू

जंगली घोड्यांच्या त्या उद्यानात फोटो काढता काढता आर्डिस हॉगनला अकरा वर्षं झाली. नॉर्थ डकोटाच्या वाऱ्याने गालांची सालं निघाली, पण एकाही शिंगराचं नाव ठेवायला मिळालं नाही. घोडेवेड्यांच्या मंडळाची रीतच होती: नव्या शिंगराचा पहिला फोटो ग्रुपवर ज्याचा, नाव ठेवायचा मान त्याचा.

आणि ती कॉर्लिस! घोडे ओळखायला शिकली आर्डिसच्याच गाडीत बसून, आर्डिसच्याच थर्मासमधली कॉफी ढोसून. दोन वर्षांत बयेने तोफेएवढी लेन्स घेतली आणि तीन नावं ठेवून मोकळी झाली. गुरूची विद्या गुरूलाच फळली. आर्डिसचा नुसता जळफळाट व्हायचा.

या मे महिन्यात म्हातारी करडी घोडी व्यायला झाली होती. हे नाव मात्र आपलंच, असं आर्डिसने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सकाळी ती निघणार तोच कॉर्लिसचा फोन. "अगं, करडी कुठे असेल गं? तुला काय वाटतं?"

"वाटायचंय काय त्यात? उत्तरेच्या तळ्यावर आहे. काल संध्याकाळी या डोळ्यांनी पाहिली," आर्डिसने ठोकून दिलं.

"बरं," कॉर्लिस म्हणाली.

आर्डिस थेट दक्षिणेच्या घळीत गेली. करडी तिथेच होती आणि तिच्या पोटाशी काळंभोर शिंगरू, पायांवर चांगलं ठाम उभं. लांबूनच फोनवर फोटो काढून ती रेंजसाठी धापा टाकत टेकडी चढली. फोटो गेला मात्र, ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस. "अकरा वर्षांनी गं बाई! नाव काय?"

खाली गाडीपाशी कॉर्लिस उभी होती.

"तळ्यावर नाही गेलीस?" आर्डिसने विचारलं.

कॉर्लिसने कॅमेरा तिच्यापुढे धरला. पडद्यावर हेच शिंगरू, ओलंचिंब, उभं राहायला धडपडणारं. कालची तारीख, संध्याकाळचे सात.

"ग्रुपवर टाकलाच नाही मी. म्हटलं, हे तरी तुझं असू दे. घळीत जा, एवढंच सांगायला फोन केला होता. पण तू तर तिला तळ्यावर बघून आली होतीस. या डोळ्यांनी."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं आर्डिसला झालं.

कॉर्लिसने तिच्यादेखत तो फोटो पुसला आणि आपल्या गाडीचं दार उघडलं. "ठेव की आता नाव. सगळे खोळंबलेत."

अकरा वर्षांत आर्डिसने ढीगभर नावं योजून ठेवली होती. त्यातलं एकही तिच्या जिभेवर येईना.