चाखलेल्या फोडी

साल

नागपूरच्या कळमना फळबाजारात बोली लागण्याआधी अडते देवराव ढिगातलं एक संत्रं सोलत, फोड तोंडात टाकत आणि मान डोलवत. अडत्याची मान डोलल्याशिवाय व्यापारी भाव बोलायचे नाहीत. फोड थुंकायची मात्र नाही. शेतकरी समोर उभा असतो. त्याच्या वर्षभराच्या राबण्यावर थुंकल्यासारखं होतं ते.

फोड

शहरातल्या महाल भागातल्या दवाखान्यात डॉक्टर दामिनी रिपोर्ट पाहत होत्या.

"साखर पुन्हा वाढली, काका. बीपी आहेच. पोटाचा घेरही हलला नाही."

"चहा बिनसाखरेचा पितो मी. भात सोडला. साळीच्या पोरीच्या लग्नात जिलेबीकडे पाह्यलं नाही. विचारा हिले."

शेजारी बसलेल्या बायकोने, देवकीने मान हलवली. साखरेचा डबा तिने स्वतः माळ्यावर टाकला होता.

"हृदय अजून चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण ही तिन्ही मिळून त्याला रोज जास्तीचं ओझं ओढायला लावतात. थकलं की पाय सुजतात, चार पावलांत दम लागतो. तीन महिने बघू. नाहीतर बाजार सोडायचा विचार करा."

बाजार सोडा. देवरावांना एवढंच ऐकू आलं.

फोड, फोड, फोड

दुसऱ्या दिवशी देवकी त्यांच्यासोबत कळमन्यात आली. तिचा संशय ठेल्यावरच्या तर्री-पोह्यांवर होता. ठेलेवाल्याकडे डोळे लावून ती सकाळभर बसली. देवराव तिकडे फिरकलेही नाहीत.

ते ढिगांमधून फिरत होते. फोड. मान डोलली. बोली. पुढचा ढीग. फोड. मान. बोली. कुणी म्हणालं, "भाऊ, खालच्या थरातलंही पाहा गा," की आणखी एक फोड.

देवकी उठली आणि त्यांच्यामागे येऊन उभी राहिली.

"हे काय खाऊन राहिले तुम्ही?"

"खाऊन कुठं राहिलो वं? चाखून राहिलो."

"पोटाले सांगितलं काय तसं?"

देवरावांचा हात हवेतच राहिला. इतक्या वर्षांत त्यांनी या फोडी कधी खाण्यात धरल्याच नव्हत्या. डॉक्टरांपासून लपवल्या नव्हत्या, आठवल्याच नव्हत्या.

समोर काटोलकडचा शेतकरी लहानू उभा होता, ढीग त्याचा होता. व्यापारी वाट पाहत होते. नाही खाल्लं तर माल वाईट ठरणार, खाल्लं तर...

देवकीने त्यांच्या हातातली फोड घेतली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

"आंबट आहे थोडं," ती म्हणाली.

लहानूचा चेहराच पडला. एक व्यापारी मागे सरकला.

"आंबट?" देवरावांनी दुसरं संत्रं उचललं, हातात तोललं, साल नखाने ओरबाडून नाकाशी धरली. "सकाळी मिरचीचा ठेचा खाल्ला ना तू? तुले गूळही आंबट लागन. हे गोड आहे. रसानं जड आहे. बोला, शेठ."

आणि त्यांनी मान डोलवली.

शेठ हसले, बोलले. लहानूच्या ढिगाला त्या दिवशी चांगला भाव मिळाला.

बी

आता गाळ्यात देवकीसाठी एक प्लास्टिकची खुर्ची असते. देवराव संत्रं सोलतात, हुंगतात. देवकी एक फोड चाखते, उरलेलं व्यापाऱ्यांत वाटते आणि बहुतेक वेळा "आंबट" म्हणते. मग देवराव खवळतात. ते भांडण ऐकायला शेजारच्या गाळ्यातलेही येतात. "वहिनी आंबट म्हणाली ना? घेऊन टाक मग," असं व्यापारी एकमेकांना सांगतात.

देवरावांचा पट्टा एका भोकाने आत आलाय. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, साखर उतरली म्हणाल्या आणि गोळी वाढवली नाही.

"बाजार?" देवरावांनी विचारलं.

"जा की. पण चालत फिरा, खात फिरू नका."

देवराव समाधानाने उठले. देवकी बसूनच होती. तिने बाही वर केली.

"आता माही शुगरही पाहून घ्या," ती म्हणाली. "ह्यांची नोकरी मी करून राहिले."