‘उसनी साखर’ची कॅसेट

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर आधी हात पुसा. मी एक जुनी कॅसेट आहे खरी, पण मला तेलकट बोटं अजिबात खपत नाहीत. माझ्यावर निळ्या शाईत लिहिलं आहे, ‘उसनी साखर. पुसू नये.’ हे अक्षर काळूभाऊंचं. माझ्यावर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून त्यांनी माझ्या मागच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्याही तोडून टाकल्या. माझ्या बहिणींवर दर लग्नसराईत नवी गाणी भरली गेली. माझ्या वाट्याला कुणी गेलं नाही.

‘उसनी साखर’ ही कृष्णधवल टीव्हीच्या काळातली विनोदी मालिका. शेजारचे बापूकाका दर आठवड्याला वाटी घेऊन साखर मागायला येतात आणि जेवूनच जातात. त्यांनी कडी वाजवली की घरातली सगळी माणसं श्वास रोखून, घरात नसल्याचं सोंग करतात. मग कुणीतरी शिंकतं. बस, एवढंच! दर आठवड्याला तेच. तरी त्या अर्ध्या तासात नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आक्काबाईंच्या घरी टीव्ही होता, त्यामुळे सगळा शेजार त्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसायचा.

आक्काबाईंचे यजमान काळूभाऊ मात्र नेमके त्या वेळी कारखान्यात पाळीवर असायचे. म्हणून आक्काबाई टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवायच्या आणि मला लावायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता काळूभाऊ तो भाग नुसता ऐकायचे. चित्र नसलं तरी त्यांचं काही अडायचं नाही.

त्यामुळे माझ्यात नुसती मालिका नाही, ती अख्खी खोली आहे. ठसका लागेपर्यंत हसणाऱ्या सुमनबाई आहेत. उशिरा समजून एकटेच हसणारे वाळूमामा आहेत. आणि सगळ्यांत पुढे बसलेली आक्काबाईंची आठ वर्षांची पिंकी आहे. शिंक आली की ती आधी ‘ई ऽ ऽ’ करायची आणि मग खुदखुदायची. माझ्यात तिचं एवढंच आहे. ती एक शब्दही बोललेली नाही.

माझ्यावर भरलेला हा शेवटचा भाग. तो भरला आणि पंधराच दिवसांत पिंकी तापाने गेली. तिचा एक फोटो भिंतीवर राहिला. तिचा आवाज तेवढा माझ्याकडे राहिला.

दर रविवारी दुपारी काळूभाऊ आणि आक्काबाई मला लावत. पुढे सुमनबाई गेल्या, वाळूमामा गेले. काळूभाऊंना जाऊन बारा वर्षं झाली. आता माझ्यात हसणाऱ्यांपैकी एकट्या आक्काबाई उरल्या आहेत. खरं सांगू? मला हे फार जड जातं. माझ्या पोटात ती सगळी माणसं अजून हसतात. आपण गेलो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पण भीती मला वेगळीच वाटते. काही वर्षांपासून पिंकीचं हसू लवकर येऊ लागलं आहे. पट्टी जुनी झाली की आवाज घोगरा होतो, रेंगाळतो. तो आधी कधीच येत नाही. मला माझी इंच न इंच पट्टी ठाऊक आहे, आणि मी काही केलेलं नाही.

आक्काबाईंची नात संजना हिच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. मोबाइलवर जगभरचं बघणारी ही मुलगी, पण बापूकाकांची कडी वाजली की हातातलं काम टाकून येते.

“आजी, ही शिंकेच्या आधीच कशी हसली गं?”

“पाठ झालं आसंल तिला,” शेंगा सोलता सोलता आक्काबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं ऐकतीया.”

संजना हसली आणि मग मला मागे घेऊन तिने तेवढंच पुन्हा लावलं.

गेल्या महिन्यात आक्काबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. “जायच्या आधी मला पिंकीचं हसू एकदा नीट ऐकव,” त्या संजनाला म्हणाल्या. “परत येनं होतंय का नाय, कोनाला ठावं.”

संजनाने मला शहरातल्या एका दुकानात नेलं. माझ्यातला आवाज मोबाइलमध्ये घ्यायचा होता. तो घेऊन झाल्यावर मला मागे गुंडाळताना तिथल्या मशीनने माझी पट्टी ओढली आणि चावली. कळ माझ्या टोकापर्यंत गेली! दुकानदाराने मला पिशवीत घालून परत दिलं आणि वर म्हणाला, “ताई, मागचा गोंधळ सगळा काढून टाकलाय. एकदम क्लिअर केलंय.”

घरी येऊन संजनाने मोबाइल लावला. बापूकाकांची कडी वाजली. शिंक आली. पुढे शांतता. सुमनबाई नाहीत, वाळूमामा नाहीत, कुणीच नाही.

“माझी पोरगी कुठाय?” आक्काबाईंनी विचारलं.

संजना रडकुंडीला आली. तिने बारीक स्क्रूड्रायव्हरने मला उघडलं. चुरगळलेली वीतभर पट्टी कापून टेबलावर ठेवली आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. आता ऐका. त्या वीतभर तुकड्यात शिंक होती आणि पिंकीचं सगळं हसू होतं. माझ्यात त्यातलं काही म्हणता काही उरलं नव्हतं. लेकरू हिरावलं गेल्यासारखी मी त्या तुकड्याकडे बघत होते.

संजनाने मला टेपरेकॉर्डरमध्ये घातलं. भर दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. बापूकाकांनी कडी वाजवली. सगळ्यांनी श्वास रोखला. जोड पुढे सरकला.

“ई ऽ ऽ,” पिंकी म्हणाली, आणि खुदखुदली.

संजनाने टेबलाकडे पाहिलं. तुकडा तिथेच होता. मी शपथेवर सांगते मित्रांनो, तो आवाज माझ्या पट्टीतला नव्हता. आणि मग, माझ्यात कधीच नव्हतं असं एक वाक्य माझ्यातून आलं.

“आई, परत लाव ना.”

संजनाचा हात बटणाकडे गेला. आक्काबाईंनी तो घट्ट धरला.

“बंद नको करू गं. घाबरंल ती.”

आज सकाळी आक्काबाई दवाखान्यात गेल्या. दाराबाहेर पडेपर्यंत त्या मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. मी कपाटात आहे. त्या परत येतील की नाही, मला माहीत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर धूळ बसू देऊ नका, असं मी एरवी सांगितलं असतं. आज माझं मागणं एवढंच आहे. तुमच्यापैकी कुणी मला लावलंच, तर शेवटपर्यंत लावा. मध्येच बंद करून उठून जाऊ नका. आत लहान मूल आहे.