गुणगुण गिळणारा फोन

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्याखाली एक तीन पायांचा चपटा काळा फोन पडला आहे ना, तो मी. मी सभेचा फोन. टेबलाच्या मधोमध बसायचो आणि दूरदूरची माणसं माझ्यातून बोलायची. आता मी अर्धवट झोपेत असतो. दार लागून अंधार झाला की ऐकलेले सगळे आवाज माझ्यात हळूहळू तरंगू लागतात आणि त्यांतला एक पुन्हा पुन्हा वर येतो.

मला घडवणाऱ्यांनी एक खास गुण दिला होता. पंख्याची घरघर, यंत्रांची गुणगुण असा एकसुरी आवाज आला की मी तो गिळून टाकायचो आणि फक्त बोलणं पुढे धाडायचो. पहिल्याच दिवशी अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतं हो!" मी फुलून गेलो.

ती सभा होती वेबच्या भाषेची. पडद्यावर तुम्ही जी पानं पाहता, त्यांत हे शीर्षक, हा परिच्छेद, इथे चित्र, असं संगणकाला सांगणाऱ्या खुणा असतात. त्या खुणांचे नियम ही मंडळी ठरवायची. शब्दाशब्दाचा कीस पाडताना चहा गार होऊन जायचा. मतं मात्र मोजत नसत. अध्यक्षबाई प्रश्न विचारायच्या, सगळे डोळे मिटायचे आणि ज्याला पटलं तो ओठ मिटून गुणगुणायचा. खोली कुठे झुकते आहे, ते कानांनी ओळखायचं. तोवर गुणगुणणारे सगळे खोलीतलेच असायचे.

मग ताई आल्या, म्हणजे माझ्यातून त्यांचा आवाज आला. ताईंना दिसत नव्हतं. त्यांचा संगणक त्यांना पानं वाचून दाखवायचा. प्रत्येक चित्रासोबत त्याचं वर्णन लिहिलंच पाहिजे, असा नियम होता, आणि नियमांचा मसुदा लिहिणाऱ्या संपादकांना ती सक्ती काढायची होती.

"अहो ताई, लोक तिथे काहीबाही लिहितात," संपादक दाढी खाजवत म्हणाले. मला डोळे नाहीत, पण ती खरखर मी ओळखायचो. "'चित्र एक', 'चित्र दोन'! असल्या सक्तीचा उपयोग काय?"

"विहिरीत कचरा टाकतात म्हणून विहीरच बुजवायची का?" ताई म्हणाल्या. "नुसत्या नक्षीच्या चित्रांचं वर्णन सोडा की रिकामं. पण माझ्या लेकीच्या शाळेच्या पानावर सहलीचे फोटो आलेत. संगणक म्हणतो, चित्र, चित्र, चित्र. त्यांतल्या कुठल्या चित्रात माझी पोरगी आहे, सांगा बघू! नियम असून ही गत. तो काढलात तर कोण लिहिणार?"

अध्यक्षबाईंनी डोळे मिटायला सांगितले. सक्ती नको म्हणणारे आधी गुणगुणले. मग सक्ती हवी म्हणणाऱ्यांची पाळी आली. खोलीतून तुरळक सूर उठले. पण तिकडे ताईंच्या घरी त्यांच्यासारखीच मंडळी दाटीवाटीने जमली होती. सगळ्यांनी एकदम सूर धरला. केवढा भरदार, संथ सूर! मला वाटलं पंखा आहे, आणि मी तो गिळला.

"सक्ती जाणार, असं दिसतंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ताई, तुमच्याकडून तर काहीच आलं नाही. पटलं वाटतं?"

"अहो, काय बोलताय! आम्ही इथे जीव तोडून गुणगुणतोय!"

 मग दाढीची खरखर अगदी माझ्याजवळ आली.

"हा फोन पंख्याचा आवाज खातो," संपादक म्हणाले. "यांच्या सुरालाही त्याने पंखाच समजलं असणार. बाई, हा निकाल धरू नका. ताई, सरळ सूर नको. चढउतार असलेलं काहीतरी गुणगुणा."

 मग लेकीला झोपवताना म्हणायची अंगाई ताईंनी ओठ मिटूनच सुरू केली. बाकीचे एकेक करून सामील झाले. सूर चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. तो मला अडवता येईना, आणि खरं सांगतो, अडवावासा वाटेनाही. खोलीतली एकही खुर्ची करकरली नाही. हळूहळू टेबलाभोवतीची माणसं ती चाल धरू लागली. सगळ्यात शेवटी माझ्या कानाशी एक जाडाभरडा, बेसूर आवाज मिसळला. तो दाढीआडून येत होता.

सक्ती राहिली. वर्णन कसं लिहावं, याची उदाहरणं संपादकांनीच नियमाखाली घातली, आणि नक्षीच्या चित्रांचं वर्णन रिकामं सोडायची सूटही.

पुढे बऱ्याच दिवसांनी, एका सभेआधी ताई फोनवर लवकर आल्या. खोलीत एकटे संपादक होते.

"शाळेच्या बाईंनी फोटोंखाली लिहिलंय. ऐका हं," ताई म्हणाल्या. त्यांचा संगणक वाचू लागला, "चित्र. पायरीवर बसलेली मुलगी. दोन वेण्या. पुढचा दात पडलेला. खळखळून हसते आहे."

"दात पडलाय ते ठाऊक होतं मला," ताई हळूच म्हणाल्या. "पण फोटो काढताना ती अशी हसते, हे आज कळलं."



नंतर नवे फोन आले आणि मी या खणात आलो. मित्रांनो, कपाट आवरताना मला टाकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त काही ठरवण्याआधी, जो गप्प वाटतोय त्याला एकदा विचारा, की बाबा, तू बोलत तर नाहीस ना? आणि पानावर चित्र लावलंत, तर त्यासोबत दोन शब्द लिहा. पलीकडे एखादी आई कान लावून बसलेली असते.