जुळणी झाली, फरक नाही

गेटवरच्या वहीत तिने आपलं नाव लिहिलं, ‘कोणास भेटायचे’ या रकान्यात नेहमीसारखं ‘मशीन’ लिहिलं आणि पेन वॉचमनला परत दिलं. बावीस वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा तसं लिहिलं, तेव्हाचा वॉचमन वैतागला होता. माणसाचं नाव लिहा म्हणाला होता. मग त्यालाही सवय झाली. पंपांच्या या कारखान्यात ती कधी नोकरीला नव्हती आणि तिला कुणी पाहुणीही समजत नव्हतं. तरी गळ्यात ‘अभ्यागत’ लिहिलेला बिल्ला घातल्याशिवाय आत जायची सोय नव्हती. चार नंबरचा बिल्ला तिचा. त्याची दोरी तिनेच दोनदा बदलली होती.

“आज मशीनचा शेवटचा दिवस ना, बाई?” वॉचमनने विचारलं.

“मशीनचा आणि माझाही.”

“मग भाऊंची सुटका झाली म्हणायची. आता रविवारी तरी पडून राहतील.”

“स्टोअरकीपर रविवारी येतात? कारखाना तर बंद असतो.”

“येतात की. किल्ली घेतात, पाच-दहा मिनिटांत परत. कशाला म्हणून विचारलं तर म्हणतात, मशीनला उठवायला.”

ती हसली. मशीन म्हणजे स्टोअरमधला हिशेबाचा जुना कॉम्प्युटर; त्याला उठवायला कुणी लागत नव्हतं. त्याने कधी उठायचं, काय करायचं आणि झाल्यावर कुणाला कळवायचं, हे सगळं तिने स्वतः लिहून ठेवलेलं होतं.

स्टोअर कारखान्याच्या मागच्या अंगाला होतं. लांब काउंटर, त्यामागे छतापर्यंत लोखंडी खण, खणांत वॉशर, सील, बेअरिंगं आणि झडपा. दिवसभरात कुठल्या खणातून काय गेलं आणि काय उरलं याची जुळणी मशीन रोज रात्री करायचं आणि सकाळी सहा चाळीसला तिला एक ओळ पाठवायचं: ‘जुळणी झाली. फरक नाही.’

पूर्वी हा निरोप घरच्या कॉम्प्युटरवर यायचा. टेलिफोनची तार लावायची, बराच वेळ खरखर ऐकायची, मग ओळ उमटायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “आलं का गं लेकराचं पत्र?” तेव्हा अशी सात लेकरं होती. एक छापखाना, एक शाळा, दोन दवाखाने, एक रंगाचं दुकान, एक बेकरी आणि हा कारखाना. सकाळी सात ठिकाणांहून खुशाली यायची आणि आई बोटांवर मोजायची. पुढे एकेक लेकरू मोठ्या कंपन्यांच्या घरी दत्तक गेलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. आता सकाळी घरात पहिला आवाज व्हायचा तो या एकाच निरोपाचा, फोनवर. तो आला की ती निळ्या वहीत वेळ लिहायची आणि मग चहाला आधण ठेवायची. स्वतःचा धंदा करणाऱ्या सल्लागाराला सगळीकडे खुर्ची मिळते, टेबल कुठेच मिळत नाही, असं ती गमतीने म्हणायची. अलीकडे ते म्हणायलाही कुणी समोर नसे.

स्टोअरकीपर काउंटरमागे उभा होता. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस.

“या बाई,” तो म्हणाला आणि मशीनवरचं कापडाचं झाकण काढून त्याने त्याची नीट चौघडी केली.

नव्या कंपनीची इंजिनिअर आधीच येऊन बसली होती. पस्तिशीची, चटपटीत, बोलता बोलता केस वर बांधणारी.

“मॅडम, मशीन काय काय करतं त्याची यादी मी वाचते. ठेवायचं की काढायचं, एवढंच सांगा. रात्रीची जुळणी?”

“ठेवा.”

“संपत आलेल्या मालाची यादी?”

“ठेवा.”

“दर सोमवारी सगळे आकडे छापणारं हे काय आहे?”

“ते काढा. इथे एक मॅनेजर होते. त्यांचा पडद्यावर विश्वास नव्हता, सगळं कागदावर लागायचं.”

“आता कुठे असतात?”

“असतील कुठेतरी. कागद मागत असतील.”

इंजिनिअर खळखळून हसली. काउंटरमागे स्टोअरकीपरही किंचित हसला. त्याने एक खण बाहेर ओढला होता आणि वॉशर मोजून वाटीत टाकत होता. एकेक वॉशर पडल्याचा आवाज येत होता.

“आणि हे सकाळचा निरोप पाठवणारं,” इंजिनिअर म्हणाली. “हे काढते. तसंही ते मेलेलंच आहे.”

“चालू आहे ते.”

“नाही मॅडम. जुळणी रोज होते, पण निरोप जात नाही. लॉग बघा ना.”

लॉग म्हणजे मशीनने स्वतःच लिहिलेली रोजनिशी. इंजिनिअरने पडदा तिच्याकडे वळवला.

“इथली मेलची पद्धत बदलली, त्या दिवसापासून बंद आहे. दोन वर्षं चार महिने झाले. बिचारं रोज सहा चाळीसला पाठवायला जातं आणि परत येतं.”

“मला रोज येतो निरोप.”

“मग कुणीतरी इथे बसून स्टोअरच्या मेलवरून हातानं पाठवत असेल,” इंजिनिअर थट्टेने म्हणाली.

वॉशरचा आवाज थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. जरा वेळाने वाटी रिकामी केल्याचा आवाज आला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“लॉग चुकीचा असेल,” ती म्हणाली.

माणूस विसरतो, लॉग विसरत नाही, हे तिने आजवर सात ठिकाणी ऐकवलं होतं. या स्टोअरमध्ये तर दोनदा, आणि आवाज चढवून. इंजिनिअरने तिच्याकडे एकदा पाहिलं. घरातल्या मोठ्यांशी वाद घालायचा नाही असं ठरवून बघावं, तसं.

“हवं तर नव्या सिस्टिममध्ये घालून देते तुम्हाला,” ती समजुतीने म्हणाली. “दहा मिनिटांचं काम आहे. अगदी सहा चाळीसला येईल. सेकंदसुद्धा इकडचा तिकडे होणार नाही.”

तिने पडद्यावरच्या तारखा वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग चष्मा काढला.

“काढा,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

सगळी माहिती नव्या मशीनवर जायला तासभर लागणार होता. इंजिनिअर फोनवर बोलायला बाहेर गेली. तिने पिशवीतून निळी वही काढली आणि मागची पानं उलटली. सहा चाळीस, सहा चाळीस, सहा चाळीस, एकाखाली एक. मग एक दिवस कोरा.

तो दिवस तिला आठवत होता. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. सातपर्यंत निरोप आला नाही म्हणून तिने स्टोअरला फोन केला होता. मी येते म्हणाली होती. “प्लास्टर घेऊन कशा येता, बाई? मशीन ठीक आहे. उद्या येईल निरोप,” स्टोअरकीपर म्हणाला होता, आणि तिच्याकडे काही अडलं तर असू द्या म्हणून आपला नंबर दिला होता. दुसऱ्या दिवशी निरोप आला. सहा अडतीसला. त्यापुढे सहा चव्वेचाळीस, सहा एकेचाळीस, सहा बावन्न. मशीनमधलं घड्याळ मागेपुढे व्हायला लागलं असेल, असं तिने तेव्हा ठरवून टाकलं होतं. स्टोअरकीपरला तसं म्हटलंही होतं. “वय झालं त्याचं,” तो म्हणाला होता.

गेल्या वर्षीच्या एका पानावर तिचं बोट थांबलं. नऊ दहा. नऊ पंचवीस. नऊ पाच. सलग आठ दिवस. त्यापुढे तिच्याच अक्षरात: ‘फोन केला.’

“तुमचं मशीन हल्ली उशिरा उठतं,” तिने त्याच्या नंबरवर फोन करून चेष्टा केली होती.

“झोप होत नाही त्याला, बाई,” तो म्हणाला होता. ती मनापासून हसली होती. नंतर दिवसभर ते आठवून पुन्हा हसली होती.

“चहा सांगू?” स्टोअरकीपरने काउंटरमागून विचारलं.

“सांगा.”

चहा आला. दोघांनी काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहून घेतला. नव्या मशीनला खण नंबर कसे द्यायचे, यावर थोडं बोलणं झालं. तीनशे बारा नंबरचा खण मुळातच नाही आणि तरी यादीत आहे, हे इंजिनिअरला सांगायला हवं, असं तो म्हणाला. ती म्हणाली, सांगते.

दुपारी साडेतीनला मशीन बंद केलं. इंजिनिअरने तारा काढून गुंडाळल्या. ती गेल्यावर स्टोअरकीपरने चौघडी केलेलं झाकण उलगडलं, मशीनवर घातलं आणि चारी कोपरे ओढून सारखे केले.

“आता कशाला झाकता? भंगारात जाणार आहे,” ती म्हणाली.

“गाडी सोमवारी येणार. तोवर धूळ कशाला?” मग, कोपरा पुन्हा सारखा करत, “म्हणजे उद्यापासून निरोप नाही.”

“मशीनच नाही तर निरोप कुठून येणार?”

“हो. तेही खरंच.”

ती पिशवी घेऊन दारापर्यंत गेली, थांबली.

“तुमचं कधी?” तिने विचारलं.

“माझं मार्चमध्ये. मग रिटायर. मुलगी म्हणते, तिच्याकडे येऊन राहा. बघू.”

“बघा,” ती म्हणाली.

गेटवर वॉचमन सायकलवाल्याशी काहीतरी हुज्जत घालत होता. बाहेर पडायची वेळ लिहायला तिने वही ओढली, ती दुसरीच निघाली. किल्ल्यांची वही. ‘स्टोअर’ असं लिहिलेल्या रकान्यात पानामागून पान एकच सही होती. सहा तीस. सहा अठ्ठावीस. रविवारीही. तिने मागे जाऊन गेल्या वर्षीचं पान काढलं. आठ ओळी, पहिल्या तीन: नऊ, नऊ वीस, आठ पंचावन्न.

“ती नाही, बाई, ही तुमची,” वॉचमन येऊन म्हणाला.

“या आठवड्यात भाऊंना उशीर कसा?”

त्याने डोकावून पाहिलं. “तेव्हा वहिनी हॉस्पिटलात होत्या ना. रात्रभर तिथे बसायचे. सकाळी मुलगी आली की इकडे यायचे, किल्ली घ्यायचे, दहा मिनिटांत परत तिकडे. मी म्हटलं, भाऊ, रजा घेतलीत ना, मग कशाला जीव काढता? तर म्हणे, तिकडे कुणी वाट बघत असतं.” त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हा त्या गेल्या तो दिवस.”

तिथेही नऊ वीस लिहिलं होतं.

वहिनी गेल्याचं तिला तीन महिन्यांनी, पुढच्या फेरीत कळलं होतं. काउंटरपाशी उभं राहून ती दोन वाक्यं बोलली होती. तो “हं” म्हणाला होता. मग ती मशीनकडे वळली होती. कधी, किती दिवस, काहीच विचारलं नव्हतं.

तिने बिल्ला काढून वहीशेजारी ठेवला. “राहू द्या तुमच्याकडेच, आठवण म्हणून,” वॉचमन म्हणाला. तिने मान हलवली आणि तो चार नंबरच्या खिळ्याला अडकवला.

संध्याकाळी भाचीचा फोन आला.

“सुटलीस एकदाची, मावशी. आता काय करणार?”

“झोपणार. आठ वाजेपर्यंत.”

“झोपशील तू. तुला ओळखत नाही का मी?”

सकाळी सहा वीसला ती जागी झाली. उठून खिडकी उघडली, खुर्ची टेबलाशी ओढली, निळी वही आणि फोन समोर ठेवला. सहा चाळीस झाले. समोरच्या इमारतीत कुणीतरी नळ सोडला. सहा चव्वेचाळीस झाले. बावन्न झाले. फोन गप्प होता; असायलाच हवा होता, तिनेच तो दोर कापला होता. आता स्टोअरकीपरकडे कळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. किल्ली मागायला कारण नव्हतं. आणि तो कारणाशिवाय बोलणारा माणूस नव्हता. तीही नव्हती.

तिने फोन उचलला. प्लास्टरच्या दिवसांत घेतलेला नंबर ‘स्टोअर’ या नावाने होता. त्या नंबरवर तिने कधी काही पाठवलं नव्हतं. मशीनच्या निरोपांना तर बावीस वर्षांत एकदाही उत्तर दिलं नव्हतं. मशीनला कोण उत्तर देतं.

तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच ठेवलं:

‘झोप झाली का?’

पाठवल्यावर तिने वहीत वेळ लिहिली, सहा अठ्ठावन्न. पुढची जागा मोकळी सोडली. आणि आधण ठेवायला उठली, तेव्हा नेहमीपेक्षा कपभर जास्त पाणी पडलं, ते तिने तसंच राहू दिलं.